शत्रूची भाषा येणारी माणसं

सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला फॉर्ममधल्या रकान्यांची ताकद सांगावी लागत नाही. नाव, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व, अवगत भाषा. भरणाऱ्याला वाटतं, चार शब्द लिहिले की झालं. पण त्यातल्या एका शब्दावर माणूस कुठल्या फायलीत जाणार ते ठरतं, आणि फाईल ठरली की पुष्कळदा त्याचं पुढचं आयुष्यही ठरून जातं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत काही हजार माणसांच्या बाबतीत मोठी विचित्र गोष्ट घडली. एका रकान्याने त्यांना 'शत्रू' ठरवलं आणि दुसऱ्या रकान्याने त्याच माणसांना लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यात नेऊन बसवलं. त्यांचीच ही हकीकत. तिचा एक धागा आपल्या मुरगाव बंदरापर्यंत येतो, तो शेवटाकडे सांगतो.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतल्या ज्यूंचे दिवस फिरले. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले. ज्यांना सगळ्या कुटुंबाचा व्हिसा मिळेना त्यांनी निदान एक मूल तरी पुढे पाठवलं. हिल्डेसहाइम गावचा गुंटर स्टर्न हा असाच पंधरा वर्षांचा मुलगा. १९३७ साली तो एकटाच अमेरिकेत सेंट लुईसला मामांकडे पोचला. आईवडील, भाऊ आणि बहीण मागे राहिली. त्यांना बोलावून घेण्याची त्याने केलेली खटपट कागदपत्रांत अडकली.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि अशा सगळ्यांची मोठी पंचाईत झाली. अजून नागरिकत्व न मिळालेला, जर्मनीत जन्मलेला प्रत्येक माणूस कायद्याने 'शत्रुराष्ट्राचा परकीय' ठरला. घरातला कॅमेरा आणि शॉर्टवेव्ह रेडिओ जमा करायचा, परवानगीवाचून दूर प्रवास करायचा नाही. गंमत म्हणजे (गंमत तरी कसली!) त्याच्या दोन आठवडे आधी, २५ नोव्हेंबर १९४१ रोजी, हिटलरच्या सरकारने देशाबाहेर राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्व फर्मान काढून रद्द केलं होतं. म्हणजे जर्मनी म्हणते, तू जर्मन नव्हेस, तू ज्यू. आणि अमेरिका म्हणते, तू ज्यू असशील, पण तू जर्मन. माणसाने जावं कुठे?

पण लष्कराला लवकरच एका गोष्टीची जाणीव झाली. युरोपात उतरायचं तर हजारो जर्मन कैदी हाती लागणार. त्यांना बोलतं कोण करणार? सापडलेली पत्रं, नकाशे, हुकूमनामे वाचणार कोण? शाळेत चार वर्षं जर्मन शिकलेला अमेरिकन पोरगा 'तुमची पलटण कुठली?' एवढं विचारू शकेल. पण कैदी बव्हेरियाचा की बर्लिनचा, शेतकरी की मास्तर, खोटं बोलतो आहे की भीतीने गप्प आहे, हे त्याच्या हेलावरून ओळखायला ती भाषा घरात ऐकलेली असावी लागते. मग फायली पुन्हा उघडल्या गेल्या. या वेळी नजर 'अवगत भाषा' या रकान्यावर होती.

मेरीलँड राज्यात, ब्लू रिज डोंगरात, कॅम्प रिची नावाची छावणी होती. १९ जून १९४२ रोजी तिथे लष्करी गुप्तवार्तेची शाळा सुरू झाली. अभ्यासक्रम साधारण आठ आठवड्यांचा. कैद्याची जबानी घेणं, विमानातून काढलेले फोटो वाचणं, जर्मन सैन्याची रचना तोंडपाठ करणं, रात्री अनोळखी रानात नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढणं, असे विषय. जर्मन गणवेश घातलेले सैनिक तिथे कवायत करायचे, सरावासाठी नाझींच्या खोट्या सभासुद्धा भरवल्या जायच्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे २० हजार माणसं इथून शिकून बाहेर पडली. त्यांत जन्माने अमेरिकन असलेले पुष्कळ होते, पण जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले ज्यू निर्वासितही दोन हजारांच्या वर होते. मार्च १९४२ च्या कायद्याने लष्करात असलेल्या परकीयांना झटपट नागरिकत्व देण्याची सोय झाली होती. काल रेडिओ जमा करायला लावलेला माणूस आज शपथ घेऊन अमेरिकन झाला! पुढे या सगळ्यांना 'रिची बॉईज' हे नाव पडलं.

आता गुंटरचा 'गाय' झालेल्या स्टर्नकडे वळू. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पहिली फौज उतरली ६ जून १९४४ रोजी. स्टर्न तीन दिवसांनी उतरला आणि लगेच कैद्यांच्या जबान्या घ्यायला बसला. कैद्याला मारायचं नाही, हा नियम होता आणि त्याची गरजही नव्हती. कैद्याच्या पलटणीबद्दल, तिच्या कप्तानाबद्दल आपल्याला आधीच बरंच ठाऊक आहे असं भासवलं की तो आपोआप उरलेलं सांगून टाकी. काही मात्र घट्ट असत. त्यांच्यासाठी स्टर्न आणि त्याचा जोडीदार फ्रेड हॉवर्ड यांनी एक नाटक बसवलं. जर्मन सैनिक रशियनांच्या हाती पडायला फार भीत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मग स्टर्नने रशियन गणवेश मिळवला, त्यावर पदकं लावली, तंबूत स्टालिनचा फोटो टांगला आणि तो 'कॉमिसार क्रुकोव' झाला. हॉवर्ड कैद्याला हळहळत सांगे, 'मला तुला पाठवायचं नाही रे, पण तू बोलत नाहीस, मग हुकूमच तसा आहे.' आत क्रुकोव आरडाओरडा करतोच आहे. पुष्कळ कैदी तिथे मोडत. आपल्याकडच्या दशावतारातला संकासुर या कामी लावला असता तरी चालला असता, असं वाचताना मनात येतं.

हे वाचायला मजेदार वाटतं. पण या माणसांच्या जिवाला इतरांहून दुप्पट धोका होता. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलात जर्मनांनी अचानक चढाई केली आणि अमेरिकन गणवेश चढवलेले काही जर्मन सैनिक आघाडीमागे घुसवले. नाक्यानाक्यावर अमेरिकन पहारेकरी बेसबॉलचे प्रश्न विचारून आपला-परका ओळखू लागले. जर्मन हेल असलेल्या रिचीवाल्याने उत्तर बरोबर दिलं तरी बंदूक त्याच्यावर रोखलेलीच. आणि पलीकडे सापडला तर? त्याच लढाईत ब्लायआल्फ गावाजवळ कर्ट जेकब्स आणि मरे झॅपलर हे दोन रिचीवाले कैद झाले. हे बर्लिनचे ज्यू आहेत असं जर्मन कप्तान कुर्ट ब्रुन्स याला कळलं आणि त्याने त्यांना इतर कैद्यांपासून वेगळं काढून गोळ्या घालायला लावल्या. पुढे तो स्वतः पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि जून १९४५ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

वर्नर आंग्रेस हा बर्लिनचा मुलगा. त्याने विमानातून उडी मारण्याचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, तरी हल्ल्याच्या रात्री त्याची पहिलीच उडी थेट नॉर्मंडीत पडली. पकडला गेला, सुटला, पुढे जर्मनीतल्या व्योबेलिन छळछावणीपर्यंत पोचला. युद्ध संपल्यावर ॲम्स्टरडॅमला गेला तर आई आणि भाऊ जिवंत भेटले. वडील मात्र आउश्वित्झला संपले होते. स्टर्नच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तो हिल्डेसहाइमला गेला तेव्हा त्याच्या घरचं कोणीच उरलेलं नव्हतं. युरोपात हाती आलेल्या विश्वासार्ह लष्करी माहितीपैकी साठ टक्क्यांहून अधिक रिचीवाल्यांनी मिळवली होती, असं युद्धानंतरच्या लष्करी अहवालाच्या आधारे सांगितलं जातं. आकडा मोठाच आहे. पण ज्यांच्यासाठी त्यांना घाई होती त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत ती घाई पोचली नाही.

ही झाली जर्मन आघाडी. जपानच्या आघाडीवर हाच प्रकार आणखी कडवट झाला. अमेरिकेत गेलेल्या जपान्यांच्या पहिल्या पिढीला 'इस्सेई' म्हणत. त्यांना १९५२ पर्यंत कायद्याने नागरिकत्व घेताच येत नव्हतं. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं म्हणजे 'निसेई', हे मात्र जन्माने नागरिक. १ नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या आधीच, लष्कराने सॅन फ्रान्सिस्कोत विमानांच्या एका जुन्या शेडमध्ये जपानी भाषेची गुप्त शाळा काढली. ६० विद्यार्थ्यांपैकी ५८ निसेई. शाळेचा प्रमुख काई रासमुसेन हा स्वतः डेन्मार्कहून आलेला स्थलांतरित! पण विद्यार्थी मिळवणं सोपं नव्हतं. लष्करातल्या बहुतेक निसेईंचं जपानी आईशी जेवणाबद्दल बोलण्यापुरतंच होतं. लष्करी शब्द आणि घाईघाईत लिहिलेली जपानी अक्षरं त्यांना नव्याने शिकावी लागली.

आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरदार सोडून तारेच्या कुंपणाआड जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. ती शाळासुद्धा किनारा सोडून मिनेसोटाला हलवावी लागली. पुढे त्या कुंपणाआडच लष्कराने दुभाषी शोधायला माणसं पाठवली!

१९४३ च्या सुरुवातीला छावण्यांतून एक फॉर्म वाटला गेला. सत्ताविसावा प्रश्न, तू अमेरिकेच्या सैन्यात लढशील का? अठ्ठाविसावा, तू अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेऊन जपानच्या सम्राटाची निष्ठा सोडतोस का? जन्मात कधी सम्राटाची शपथ न घेतलेल्या मुलाने 'सोडतो' लिहिलं तर पूर्वी होती असं कबूल केल्यासारखं. म्हाताऱ्या इस्सेईने लिहिलं तर तो कुठल्याच देशाचा उरत नाही. फॉर्म करणाऱ्याने याचा विचार केला नसावा. रागाने 'नाही, नाही' लिहिणारेही निघाले, आणि मला तरी त्यांना दोष देववत नाही.

आता मुरगाव. १९४३ म्हटलं की आपल्याला मार्च महिन्यात बंदरात पेटलेली 'एरेनफेल्स' ही जर्मन बोट आठवते, कारण त्यावर पुढे 'सी वुल्व्ज' हा सिनेमा निघाला आणि त्याचं चित्रीकरण गोव्यात झालं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात याच बंदरात दुसरी एक मोठी घटना घडली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून अमेरिका आणि जपान यांनी अडकून पडलेल्या नागरिकांच्या अदलाबदलीसाठी मुरगावची जागा निवडली. न्यूयॉर्कहून 'ग्रिप्सहोल्म' ही स्वीडिश बोट आली आणि जपानकडून 'तेइआ मारू'. दोन्हींवर हजाराहून अधिक माणसं. अमेरिकेकडून आलेल्यांत कुंपणाआडच्या छावण्यांतून निघालेली जपानी कुटुंबं होती. त्यांच्याबरोबर अमेरिकेत जन्मलेली आणि जपान कधी न पाहिलेली मुलंही होती. ती मुरगावला एका बोटीतून उतरून दुसरीत चढली आणि 'परत' गेली, जिथून ती कधी आलीच नव्हती.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईला एक अमेरिकन फौज उतरली. पुढे 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणून गाजलेली. तिच्यात १४ निसेई दुभाषी होते. ही फौज आधी नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत राहिली, पुढे सराव करून ब्रह्मदेशाच्या जंगलात शिरली. त्या चौदांतला एक रॉय मात्सुमोतो. जन्म कॅलिफोर्नियाचा, बरंचसं शिक्षण जपानात. तो आर्कान्सामधल्या छावणीतून स्वेच्छेने भरती झाला होता. आईवडील हिरोशिमात आणि भाऊ जपानी सैन्यात! एप्रिल १९४४ मध्ये न्हपुम गा या टेकडीवर त्याच्या बटालियनला वेढा पडला. तो रात्री सरपटत जपानी खंदकांजवळ गेला आणि पहाटेच्या हल्ल्याचा बेत ऐकून आला. त्याप्रमाणे मोर्चा बदलला गेला. हल्ला फसून जपानी सैनिक गोंधळले तेव्हा त्याने त्यांच्याच भाषेत 'चढाई करा!' असा हुकूम ओरडून दिला, आणि ते थेट बंदुकांसमोर आले. बटालियन वाचली. त्याचे हिरोशिमातले आईवडीलही अणुबॉम्बातून वाचले.

निसेई दुभाष्यांचं काम कित्येक वर्षं गुप्तच राहिलं. कुंपणाबद्दल अमेरिकेने माफी मागितली ती १९८८ साली, आणि त्यांना काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं २०११ साली. तोवर बरेचसे जग सोडून गेले होते. गाय स्टर्न मात्र प्राध्यापक झाला, आयुष्यभर जर्मन साहित्य शिकवत राहिला आणि २०२३ साली एकशेएकाव्या वर्षी वारला. ज्या भाषेत त्याच्या घरच्यांच्या मृत्यूचे हुकूम लिहिले गेले ती त्याने टाकली नाही. ती त्याच्या आईचीही भाषा होती ना!

जन्मठिकाण, वंश, मातृभाषा हे रकाने खोटे नसतात. ते माणूस कुठून आला एवढंच सांगतात. तो कुणाच्या बाजूने उभा राहील हे सांगणारा रकाना अजून कुठल्याच फॉर्मात निघालेला नाही, आणि सत्ताविसावा-अठ्ठाविसावा प्रश्न घालूनही तो निघाला नाही. पुढच्या वेळी वास्कोला गेलात आणि मुरगावचा धक्का दिसला, तर बोट बदलून 'परत' गेलेली ती मुलं जरूर आठवा.