शरीराचे पहारेकरी
बोटांत कांटा मोडला म्हणजे जागा लाल होते, ठणकते, सुजते आणि दोन दिवसांनीं तेथें पू धरतो. पू म्हणजे रोगाची घाण, असेंच पुष्कळांस वाटत आलें. त्यांत लढाईंत पडलेल्या शिपायांचीं प्रेतें असतात हें ज्याच्या शोधामुळें उमगलें तो ईल्या मेच्निकॉफ वैद्य नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता.

त्याचा जन्म १८४५ सालीं, तेव्हांच्या रशियन साम्राज्यांतील व आतांच्या युक्रेनमधील खार्कोव्ह प्रांतांत झाला. चार वर्षांचा पदवीचा अभ्यास त्यानें दोन वर्षांत उरकला. बुद्धि जेवढी तल्लख तेवढेंच मन हळवें. १८७३ सालीं पहिली पत्नी क्षयानें गेली तेव्हां त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. १८८१ सालीं पुन्हां तोच अविचार. असा खचलेला पुरुष १८८२ सालीं ओडेसाची प्राध्यापकी सोडून सिसिली बेटांतील मेसिना शहरीं जाऊन राहिला.

तेथें एके दिवशीं घरची मंडळी सर्कशींत माकडांचे खेळ पाहण्यास गेली असतां तो एकटाच सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बसला होता. तारामाशाच्या कांचेसारख्या पारदर्शक पिलांच्या अंगांत फिरणाऱ्या पेशी तो न्याहाळीत होता. ह्या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? कल्पना सुचतांच त्यानें बागेंतून गुलाबाचे कांटे आणले आणि पिलांच्या कातडीखालीं खुपसले. रात्रीं झोंप नाहीं. पहांटे पाहतो तों कांट्याभोंवतीं पेशींचा गराडा! ह्यांतील खरी मख्खी अशी कीं, त्या पिलांना रक्तवाहिन्याच नसतात. सूज म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड, ही तेव्हांच्या पंडितांची समजूत. येथें रक्तच नाहीं, तरीहि पेशी धांवून आल्या. त्यांना पुढें ‘भक्षक पेशी’ हें नांव मिळालें. पाणपिसवेच्या अंगांत शिरलेले सुईसारखे बीजाणु ह्या पेशी गिळतात, व तें न साधल्यास पिसू मरते, हेंहि त्यानें १८८४ सालीं दाखविलें.

पण विरोध मोठा होता. पांढऱ्या पेशी जंतूंना मारीत नाहींत, उलट अंगभर पसरवितात, असें मानण्याकडे अनेकांचा कल होता. त्यांत १८९० सालीं बेरिंग व किटासाटो ह्यांनीं धनुर्वात व घटसर्प ह्यांच्या विषांवरील उतारा रक्तजलांत, म्हणजे रक्त थिजल्यावर सुटणाऱ्या पाण्यांत, असतो हें सिद्ध केलें. झालें! मग पेशी हव्यात कशाला? मेच्निकॉफ १८८८ सालापासून पॅरिसला पाश्चरच्या संस्थेंत होता. रक्तजलाच्या बाजूचा एक बळकट पुरावा १८९५ सालीं त्याच्याच प्रयोगशाळेंतील तरुण सहकारी झ्यूल बोर्दे ह्यानें शोधला, आणि तो त्याच संस्थेच्या नियतकालिकांत छापलाहि गेला. गुरूनें मात्र आपला हट्ट सोडला नाहीं. हीं द्रव्यें मुळांत भक्षक पेशींतूनच पाझरतात, असें तो म्हणे.

त्याचा ओडेसाचा एक विद्यार्थी, वाल्डेमार हाफकिन, पुढें मुंबईस आला. १८९७ च्या जानेवारींत प्लेगची लस त्यानें प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळची संस्था त्याच्याच नांवाची.

१९०८ चें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ व रक्तजलपक्षाचा अध्वर्यु पॉल एर्लिख ह्यांस विभागून मिळालें. उतारवयांत त्यानें आंबट दुधाच्या सेवनानें आयुष्य वाढतें, असें प्रतिपादिलें. ताक-दह्यावर वाढलेल्या आपल्या लोकांस तें गोड वाटेल. पण तारामाशाच्या प्रयोगाची शिस्त त्यांत नाहीं. १९१६ सालीं पॅरिस येथें तो निवर्तला.

पुढें कित्येक वर्षें रक्तजलाचाच बोलबाला राहिला. पेशी शत्रूस ओळखतात कशा, हा प्रश्न अनुत्तरितच होता. १९९६ सालीं स्ट्रासबुर्ग येथील झ्यूल हॉफमन ह्याच्या प्रयोगशाळेंत असें दिसलें कीं, फळांवरील माशींतील ‘टोल’ नांवाचा जनुक बिघडला तर ती बुरशीनें मरते. दोन वर्षांनीं ब्रूस बॉयटलर ह्यानें उंदरांत त्याच घराण्यांतील जंतुविष ओळखणारा ग्राहक शोधला. तो भक्षक पेशींच्या अंगावरच असतो. २०११ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.