भासनाटकांचा कर्तृत्ववाद

त्रिवेंद्रम येथून १९१२ पासून प्रसिद्ध झालेली तेरा संस्कृत नाटके प्राचीन नाटककार भास याचीच आहेत काय, यासंबंधीचा विद्वद्वाद. कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत भासाचा आदरपूर्वक उल्लेख केला असला, तरी त्याचे एकही नाटक तोवर छापले गेले नव्हते. त. गणपतिशास्त्री (१८६०–१९२६) यांना मलयाळम् लिपीतील ताडपत्रांवर स्वप्नवासवदत्त, चारुदत्त, ऊरुभंग इ. नाटके मिळाली, परंतु त्यांत कर्त्याचे नाव कोठेही नव्हते.

नांदीनंतर सूत्रधाराचा प्रवेश, ‘प्रस्तावने’ऐवजी ‘स्थापना’ ही संज्ञा आणि भाषेतील साम्य यांवरून ही नाटके एकाच हातची असावीत, असे त्यांनी मानले. राजशेखराने स्वप्नवासवदत्त भासाचे म्हटले असल्याने उरलेली बाराही त्याचीच ठरविण्यात आली. संशयवाद्यांचा आक्षेप नेमक्या या अनुमानावर होता. महेंद्रवर्म्याच्या मत्तविलासाच्या केरळीय पोथ्यांतही हीच वैशिष्ट्ये आढळतात. म्हणजे ती कर्त्याची नसून तेथील लेखनपरंपरेची असू शकतात. शिवाय जुन्या ग्रंथकारांनी स्वप्नवासवदत्तातून उद्‌धृत केलेले काही श्लोक छापील संहितेत नाहीत. यावरून चाक्यार नटांनी प्रयोगासाठी मूळ नाटकांत काटछाट केली असावी, असे मत पुढे आले.

या वादात महाराष्ट्रीय पंडितांचा वाटा मोठा आहे. पां. वा. काणे यांनी भासकर्तृत्वाविषयी शंका घेतली. वि. सी. सुकथनकर यांनी चारुदत्त व मृच्छकटिक यांची तुलना करून चारुदत्ताची संहिता अधिक जुनी असल्याचे दाखविले. मात्र त्यावरून तिचा कर्ता ठरत नाही. चिं. रा. देवधर यांनी १९२७ मध्ये संशयपक्ष विस्ताराने मांडला व पुढे १९३७ मध्ये तेराही नाटकांची आवृत्ती काढली. अ. द. पुसाळकर यांनी १९४० मधील ग्रंथात भासकर्तृत्वाचे समर्थन केले.

शेक्सपिअरविषयक वादाचे स्वरूप याहून वेगळे आहे. तेथे १६२३ च्या संग्रहावर नाव स्पष्ट छापलेले असूनही संशय घेतला गेला; येथे मुळात नावच नाही. ऊरुभंगातील रंगमंचावरील मृत्यूसारखे प्रसंग कालिदासपूर्व मानावयाचे की नाही, हे या निर्णयावर अवलंबून असल्याने संस्कृत रंगभूमीच्या इतिहासात या वादाला महत्त्व आहे. म्हणूनच तेरा नाटकांचा एकत्रित निवाडा न करता प्रत्येक नाटकाचा पुरावा स्वतंत्रपणे तपासणे अधिक युक्त ठरते.