मोटरसायकलवरून पहिली परदेशवारी : तयारी कागदपत्रांपासूनच

नांदेड/लातूर, प्रतिनिधी

लडाखची वारी करून आलेले मोटरसायकलस्वार आता नांदेड आणि लातुरातही पुष्कळ आढळतात. ‘एमएच-२६’ आणि ‘एमएच-२४’ या क्रमांकांच्या गाड्या खारदुंग-ला येथील फलकासमोर उभ्या असल्याची छायाचित्रे अनेक घरांच्या दिवाणखान्यांत लागलेली आहेत. त्यानंतर स्वाभाविकपणे मनात येते ती सीमा ओलांडण्याची गोष्ट. मात्र लडाखच्या तयारीत गाडी, कपडे आणि रजा यांचा विचार केला की भागत असे. परदेशवारीत हा क्रम उलटा होतो. कोणत्या देशात जायचे हे बहुतांशी कागदपत्रे ठरवतात आणि गाडीचा विचार त्यानंतर येतो.

देशाची निवड

भारतातून स्वतःच्या गाडीने जमिनीवरून जाता येतील असे देश नकाशावर दिसतात त्याहून बरेच कमी आहेत. पश्चिमेकडे पाकिस्तानची अटारी सीमा एप्रिल २०२५ पासून बंद आहे. पूर्वेकडे मणिपूरमधील मोरेहमार्गे म्यानमार आणि तेथून थायलंड हा मार्ग २०१८ सालच्या भूसीमा करारानंतर काही काळ उत्साहाने वापरला गेला. परंतु २०२० मधील कोरोना साथ आणि फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठाव यानंतर तो पर्यटकांसाठी भरवशाचा राहिलेला नाही. थायलंडनेही २०१६ पासून परदेशी वाहनांना पूर्वपरवानगी सक्तीची केली असून ती तेथील प्रवासी कंपनीमार्फत घ्यावी लागते. चीनमध्ये तर स्थानिक मार्गदर्शक सोबत घेतल्यावाचून परदेशी गाडी चालवता येत नाही. त्यामुळे लंडन किंवा सिंगापूरची स्वप्ने दुसऱ्या-तिसऱ्या वारीसाठी राखून ठेवणे श्रेयस्कर.

उरतात भूतान आणि नेपाळ. दोन्हीकडे भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट अथवा मतदार ओळखपत्र चालते. भूतानमध्ये सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकांना माणशी प्रतिरात्र १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते आणि स्वतःची गाडी फुन्शोलिंगच्या पुढे न्यायची तर त्यासाठी वेगळा परवाना व शुल्क असते. शिवाय सीमेवरील जयगावपर्यंतचे अंतरच नांदेडहून दोन हजार किलोमीटरच्या घरात जाते. नेपाळची सोनौली सीमा त्या मानाने जवळ आहे, खर्च बेताचा आहे, वाहने डाव्या बाजूनेच चालतात आणि रस्त्यावर हिंदी सर्रास समजते. मराठवाड्यातील नवख्या स्वाराने पहिली परदेशवारी नेपाळची करावी, असे म्हणण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत. सोनौलीपासून जवळच असलेले लुंबिनी आणि मुस्तांग जिल्ह्यातील मुक्तिनाथ ही दोन्ही ठिकाणे येथील अनेक कुटुंबांच्या श्रद्धेची आहेत, हाही एक भाग आहेच.

गाडी कोणाच्या नावावर?

आपल्याकडे मुलगा चालवतो ती गाडी वडिलांच्या, मामांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट. नांदेडच्या वजिराबाद चौकात त्याने काही अडत नाही, सीमेवरच्या सीमाशुल्क कार्यालयात मात्र अडते. नोंदणी प्रमाणपत्र चालकाच्याच नावावर असणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसल्यास मालकाचे मुद्रांकित कागदावरील, नोटरीने साक्षांकित केलेले संमतीपत्र सोबत हवे. गाडी कर्जावर असेल तर प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. अशा वेळी बँकेचे अथवा वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आधी मिळवावे. हे पत्र एका दिवसात मिळत नाही, हे गृहीत धरूनच तारखा ठरवाव्यात. भ्रमणध्वनीवरील डिजिलॉकर ही भारतातील सोय आहे. सीमेपलीकडे मूळ कागदच दाखवावे लागतात.

नेपाळसाठी पासपोर्ट अनिवार्य नसला तरी तो काढून ठेवावा. ओळखपत्र म्हणून आधार कार्डवर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण भारत-नेपाळ प्रवासात ते केवळ १५ वर्षांखालील व ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ग्राह्य धरले जाते.

नेपाळ आणि भूतानमध्ये भारतीय वाहन परवाना चालतो. त्यापुढील देशांसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या जिल्ह्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातूनच मिळतो. नमुना ४-अ मध्ये अर्ज, पासपोर्टची प्रत आणि एक हजार रुपये शुल्क असे त्याचे स्वरूप आहे. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो आणि प्रत्येक देश तो मानतोच असे नाही, म्हणून परदेशात भाड्याची गाडी चालवणाऱ्यांनीही आधी चौकशी केलेली बरी.

विम्याचा प्रश्न

तयारीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते विम्याकडे. परदेशवारीत कुटुंबाला खऱ्या अर्थाने रस्त्यावर आणू शकेल अशी चूक हीच आहे. मोटरसायकलच्या विमापत्रावर ‘भौगोलिक क्षेत्र’ असा एक रकाना असतो आणि त्यापुढे बहुधा केवळ ‘भारत’ असे छापलेले असते. याचा अर्थ सोनौलीची कमान ओलांडली की ते विमापत्र निरुपयोगी होते. गाडीचे नुकसान एक वेळ सोसता येईल. परंतु पोखऱ्याच्या रस्त्यावर एखादा पादचारी गाडीखाली आला तर भरपाईचा सारा भार स्वारावर, म्हणजे अखेर लोहा किंवा उदगीर येथील त्याच्या घरावर पडतो.

यावरचा उपाय फार कठीण नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या शेजारी देशांपुरते भौगोलिक क्षेत्र वाढवण्याची तरतूद भारतीय वाहनविम्यात फार पूर्वीपासून आहे. ज्यादा हप्ता भरून विमापत्राला तशी पुरवणी जोडता येते. संकेतस्थळावर विमा काढणाऱ्यांना ही सोय बहुधा दिसत नाही. त्यासाठी कंपनीच्या शाखेत किंवा एजंटाकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि काही वेळा ‘असे काही नसते’ असे उत्तरही ऐकावे लागते. अशा वेळी ‘आयएमटी-१’ या पुरवणीचे नाव घेऊन विचारणा करावी. पुरवणी हाती पडेपर्यंत निघू नये.

दुसरा विमा स्वतःचा. परदेश प्रवास विम्याच्या अनेक योजनांत दुचाकी चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो किंवा ठरावीक इंजिन क्षमतेपर्यंतच मान्य असतो. ही अट बारीक टाइपात शेवटच्या पानावर असते. जखमीला मायदेशी हलवण्याचा खर्च त्यात समाविष्ट आहे की नाही, हेही तेथेच पाहावे.

सीमेवर

नांदेडहून अर्धापूर, उमरखेड, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ नागपूरकडे नेतो. तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर असा येणारा रस्ताही हाच. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने त्याचा विचार सोडून द्यावा. पुढे जबलपूर, रेवा, प्रयागराज, गोरखपूर आणि सोनौली. ढोबळमानाने हे अंतर चौदाशे किलोमीटर आहे. लातूरकरांना त्यात आणखी दीडशेची भर पडते. चार दिवस हातात ठेवले तर अंगावर येत नाही.

सोनौलीच्या पलीकडे बेलहिया येथे नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय आहे. त्याला तेथे ‘भन्सार’ म्हणतात आणि गाडीच्या तात्पुरत्या प्रवेशाच्या पावतीलाही तोच शब्द रूढ आहे. गाडी जितके दिवस देशात राहणार तितक्या दिवसांचे शुल्क आगाऊ भरावे लागते. येथे काटकसर करू नये. दरड कोसळून रस्ता एक दिवस बंद राहिला तरी मुदत टळून दंड लागतो, म्हणून बेतापेक्षा एक-दोन दिवस जास्तच घ्यावेत. भारतीय गाडीला वर्षभरात एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. दलाल दोन्ही बाजूंना घोटाळत असतात. सकाळी लवकर पोहोचल्यास त्यांची गरज पडत नाही.

एका भारतीय रुपयाला १ रुपया ६० पैसे नेपाळी हा दर १९९३ पासून कायम आहे. १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळ सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली होती. अलीकडे ती शिथिल करण्याच्या दिशेने दोन्हीकडे पावले पडली असली तरी खेड्यापाड्यांतील दुकानदार १०० ची नोटच बिनदिक्कत घेतो, तेव्हा तिचीच गड्डी सोबत असावी. मार्च २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत यूपीआयही चालू लागले आहे. सिमकार्ड तेथलेच घ्यावे. जाता जाता एक : नेपाळमधील पंपांवर मिळणारे पेट्रोलही इंडियन ऑइलकडूनच जाते, त्यामुळे इंजिनाला ते मानवेल की नाही ही चिंता नको.

गाडी आणि स्वार

महागडी, मोठ्या इंजिनाची गाडी हवीच असे नाही. दीडशे सीसीची, नीट राखलेली गाडी नेपाळला पुरते. बजाज, हिरो, टीव्हीएस, रॉयल एनफिल्ड या गाड्या तेथे रोजच्या वापरात असल्याने सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्ही मिळतात. निघण्यापूर्वी चेन-स्प्रॉकेट, टायर, ब्रेक पॅड आणि बॅटरी तपासून घ्यावी. क्लच वायर, प्लग, फ्यूज, एखादी लिव्हर आणि पंक्चरचे सामान सोबत ठेवावे. नवी गाडी घेऊन थेट निघणे टाळावे. नवे टायर मात्र निघण्याआधी पाचशे किलोमीटर चालवून घ्यावेत.

मराठवाड्यातील स्वाराला ऊन, खड्डे आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल यांची सवय असते. नसते ती घाटाची आणि थंडीची. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर, नांदेड त्याहून खाली, तर मुक्तिनाथ सुमारे ३,८०० मीटरवर आहे. पोखरा अवघे आठशे-साडेआठशे मीटर उंचीवर असल्याने तेथून एका दमात मुक्तिनाथ गाठण्याचा मोह होतो आणि मग डोकेदुखी, मळमळ, धाप सुरू होते. वाटेत जोमसोमच्या परिसरात एक मुक्काम करावाच. त्रास वाढल्यास औषधांपेक्षा खाली उतरणे हाच खरा उपाय. मुक्तिनाथसाठी अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना लागतो. वरच्या मुस्तांगचे नियम आणखी कडक आहेत, पहिल्या वारीत तिकडे वळू नये.

सरावासाठी माहूरचा घाट आहे. पूर्ण सामान लादून, मागे बसणारे कोणी असेल तर त्यालाही घेऊन, सलग तीन दिवस रोज चारशे किलोमीटर चालवून पाहावे. सामान किती जास्त झाले आहे, हे पहिल्याच संध्याकाळी कळते.

काळाची निवडही तितकीच महत्त्वाची. जून ते सप्टेंबर हे महिने वर्ज्य मानावेत. १२ जुलै २०२४ रोजी नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तनहूँ जिल्ह्यात बस मर्स्यांगडी नदीपात्रात कोसळून २७ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुतेक जळगाव जिल्ह्यातील भाविक होते. याच भागातील रस्त्यांवरून मोटरसायकलस्वारांनाही जावे लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे दिवस चांगले. मात्र दसऱ्याच्या सुमारास ‘दशैं’मुळे तेथील कार्यालये आणि गॅरेज अनेक दिवस बंद असतात. सप्टेंबर २०२५ मधील आंदोलनाच्या वेळी वाहतूक कशी ठप्प झाली, हेही ताजे आहे. रजेचा अर्ज करताना दोन दिवस राखीव धरावेत.

कागद अंगावर, पेटीत नव्हे

मुंबईचे योगेश आळेकरी १ मे २०२५ रोजी केटीएम ३९० ॲडव्हेंचर गाडीवर निघाले. १७ देश आणि २४ हजारांहून अधिक किलोमीटर पार करून ते ब्रिटनमध्ये पोहोचले. २८ ऑगस्टला नॉटिंगहॅम येथील वोलाटन पार्कमध्ये भरदिवसा चोरट्यांनी साखळीचे कुलूप फोडून त्यांची गाडी नेली. गाडीला लावलेल्या पेट्यांमध्ये त्यांचा पासपोर्ट, लॅपटॉप आणि पैसे होते. इतक्या अनुभवी प्रवाशावर ही वेळ येऊ शकते, तर नवख्याने धडा घ्यायला हवा. पासपोर्ट, परवाना, भन्सारची पावती आणि थोडी रोकड कपड्यांच्या आत बांधलेल्या कमरपिशवीत असावी, जेवताना आणि झोपतानाही. सर्व कागदांच्या छायाप्रतींचा एक संच सामानात, दुसरा घरी ठेवावा. काठमांडूतील भारतीय दूतावास आणि बीरगंज येथील महावाणिज्य दूतावास यांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण चोरीला जाण्यात भ्रमणध्वनीचा क्रमांक पहिला असतो. घरच्यांना मुक्कामाची गावे आणि विमापत्र कोठे ठेवले आहे, हे सांगून निघावे.

पुढच्या वारीसाठी

नेपाळ झाल्यावर दूरच्या देशांचे वेध लागले तर ‘कार्नेट’ हा शब्द समोर येतो. गाडी परदेशात विकली जाणार नाही, ती परत येईल, याची हमी देणारे हे पुस्तक. मुंबईतील १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम करत आली आहे. त्यासाठी गाडीच्या किमतीनुसार आणि जाणाऱ्या देशांनुसार बँक हमी अथवा अनामत द्यावी लागते आणि पुस्तकाची मुदत एक वर्षाची असते. नेपाळ व भूतानला ते लागत नाही. प्रत्येक सीमेवर त्यावर प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन शिक्के घ्यावे लागतात. बाहेर पडतानाचा शिक्का घाईत राहून गेला, तर गाडी नांदेडच्या अंगणात उभी असूनही कागदोपत्री परदेशातच राहते आणि तो गुंता सुटेपर्यंत हमीची रक्कम मोकळी होत नाही.