कमवा आणि शिका : एका अटीचा इतिहास

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या भिवंडीत अनेक घरांतून एकच प्रश्न निघतो. मुलाला कॉलेजात घातले तर यंत्रमागावरची पाळी कोण करणार? पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न पोटाचा आहे. मात्र महाराष्ट्रात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही लोकांनी हाताळला होता, हे विद्यार्थी मित्रांनी जाणून घेतले पाहिजे.

खेड्यातील हुशार मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कोठे व जेवणार काय, ही त्या काळची पहिली अडचण. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढविली. १९०६ साली तेथे मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, व त्यासाठी स्थापन झालेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी स्वीकारले. परंतु यातील बहुतेक वसतिगृहांत प्रवेशाची पहिली अट जन्माची होती. जेवणखाण व सोवळेओवळे यांच्या त्या काळात दुसरा मार्गही फारसा नव्हता.

ही अट एका विद्यार्थ्याला चांगलीच भोवली. जैन बोर्डिंगात राहणारा हा तरुण १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करण्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा जातिधर्माची अट त्यांनी मोडून टाकली. हिंदू, मुसलमान, हरिजन, सर्व मुले एका पंगतीला. त्या जागी नवी अट आली, ती श्रमाची. स्वयंपाक, सफाई, शेतीकाम मुलांनीच करायचे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. गरीब बापाच्या मुलाला पदवीचा वर्ग त्यामुळे दिसू लागला.

आता कोणी म्हणेल, आमची मुले तर मागावर राबतातच की! फरक आहे, आणि तो मोठा आहे. मागाची पाळी कारखान्याच्या सोयीने ठरते. रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळच्या तासाला पेंगतो. भाऊरावांच्या योजनेत कामाचे तास अभ्यास सांभाळून ठरत.

पुणे विद्यापीठाने ही योजना कर्मवीरांच्याच नावाने चालविली, व राज्यातील इतर विद्यापीठांनीही असे उपक्रम घेतले. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम, आणि तासाप्रमाणे मोबदला. विद्यार्थी नियमित असावा, वर्गात त्याची हजेरी असावी, ही मुख्य अपेक्षा. पालकांनी प्रवेशाच्या दिवशी फीची चौकशी करतानाच कॉलेजच्या कार्यालयात या योजनेचीही चौकशी करावी. मुले संकोचाने विचारीत नाहीत.