आधी निघतो, क्षमा असावी

माझा भाचा काही वर्षं टोकियोत नोकरीला होता. तो सांगायचा, "मामा, काम संपलं तरी उठायचा धीर होत नाही. साहेब बसलेले असतात ना!" उठायचंच तर म्हणायचं, "ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु." म्हणजे, तुमच्या आधी निघतोय, क्षमा असावी. आपणही "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो. पण आपल्या "येतो"मध्ये माफी नसते.

गंमत म्हणजे तिथे कायदा केव्हाच झाला होता. १९४७ च्या कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले. पण त्याच्याच ३६ व्या कलमाने लेखी करार करून जादा काम घ्यायची मुभा दिली. युद्धानंतर देश उभा करायचा होता. मोठ्या कंपन्यांत जन्मभराची नोकरी आणि ज्येष्ठतेने बढती. मग आधी कोण उठतो, हे सगळ्यांना दिसणारच. स्वतःचं काम नसताना केवळ इतरांसोबत थांबण्याला तिथे 'त्सुकिआइ झांग्यो' असा शब्दच आहे.

१९६९ मध्ये २९ वर्षांचा एक कर्मचारी मेंदूच्या झटक्याने गेला. अतिकामाने आलेल्या मृत्यूची ही पहिली नोंद मानतात. पुढे अशा मृत्यूला 'कारोशी' हे नाव पडलं. २०१७ मध्ये सरकारने महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तीनला घरी जा, अशी मोहीम काढली. ती फारशी रुजली नाही. अखेर २०१८ मध्ये कायदा बदलला. मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून जादा कामाची मर्यादा आली : एरवी महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. ती मोडली तर शिक्षा.

जपानला कशाला हसू? आमच्या शाळेतही मुख्याध्यापक उठल्याशिवाय कुणी उठत नसे. असं कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. वडील दवाखान्यात होते तेव्हा एकदा मी असाच तासभर वह्या चाळत बसलो. पोचलो तोवर त्यांना झोप लागली होती. पहाटे ते गेले. मला कुणी अडवलं नव्हतं, हेच अजून टोचतं.

पुढे मी पर्यवेक्षक झालो. शेवटची घंटा झाली की सगळ्यांत आधी मीच छत्री उचलायचो आणि शिक्षकखोलीत ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणायचो, "येतो!"