डेम्लो संख्या : द. रा. कापरेकर यांच्या संशोधनाचा एक दुर्लक्षित पैलू

विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या गणितेतिहासात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव प्रामुख्याने ६१७४ या स्थिरांकामुळे घेतले जाते. त्यांच्या डेम्लो संख्यांची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली. कापरेकरांच्या कार्यावरील मुख्य आक्षेप तपासावयाचा तर मात्र याच संख्यांकडे वळावे लागते.

डहाणू येथे जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शालेय शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. या संख्यांची कल्पना जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्या स्थानकावरूनच 'डेम्लो' हे नाव योजिले. (डोंबिवली, देवळाली आणि वऱ्हाडातील बडनेरा ही एकाच लोहमार्गावरील स्थानके होत.) १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा यावरील लेख आला, पुढील वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी त्याची उपपत्ती मांडली.

डेम्लो संख्येच्या डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता मधलाच अंक पुनःपुन्हा येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात. यांतील सर्वांत लक्षणीय उदाहरण १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येचे आहे. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ येते व मध्यभागी ९ आहेच. ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. तिचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ एवढेच. पैकी ३ चार वेळा व इतर दोन वेळा येतात. अंकांची बेरीज ८१ असून तिने या संख्येस निःशेष भाग जातो. म्हणजे कापरेकरांनीच नाव दिलेल्या 'हर्षद' संख्यांतही ती मोडते.

या सौंदर्याचे कारण गुणाकाराच्या मांडणीत आहे. १११११११११ च्या नऊ ओळी एकेक घर सरकवून लिहिल्या की स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा उतरतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एकांचा वर्ग घेताच मधल्या स्तंभात १० होतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटलेले रूप मिळते.

नेमका येथेच आक्षेप उभा राहतो. हे गुणधर्म संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत, असे म्हणून तत्कालीन काही गणितज्ञांनी हे संशोधन क्षुल्लक ठरविले. आक्षेप अर्धाच खरा आहे. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो. कोणत्याही पायात पायाहून एकाने कमी इतके एक घेतल्यास ही रचना टिकते. लेखनपद्धती बदलली तरी नियम उरतो, आणि तो सिद्ध करता येतो. विद्यापीठीय वर्तुळात न मिळालेली दखल पुढे मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मार्च १९७५ च्या अंकात घेतली. तेव्हा कापरेकरांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.