शेपट्यांचा हिशेब

मराठी माणसाच्या लेखी खार हा पुण्यवान प्राणी आहे. सेतू बांधताना तिने अंगाला वाळू लावून नेली, रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली आणि 'खारीचा वाटा' भाषेत कायमचा राहिला. 1918 च्या वसंतात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील शाळकरी मुलांनीही महायुद्धात आपला खारीचा वाटा उचलला. फरक इतकाच की तो उचलण्यासाठी त्यांना खारी माराव्या लागल्या.

ही खार आपल्या अंगणातली नव्हे. तिच्या पाठीवर तीन पट्टे नसतात, करड्या अंगावर फिकट ठिपके असतात. ती आकाराने बरीच मोठी आणि बिळात राहणारी. इंग्रज नौदल अधिकारी फ्रेडरिक बीची याच्या नावावरून तिचे शास्त्रीय नाव पडले. गोरा शेतकरी येण्यापूर्वी तिथले आदिवासी तिला मारून खात, आणि कोयोटे, गरुड, ससाणे, साप हेही तिच्यावर जगत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोऱ्याखोऱ्यांतून गव्हाची आणि बार्लीची अफाट शेती उभी राहिली. शेतकऱ्याने कोयोटे आणि शिकारी पक्षी दिसतील तिथे टिपले, आणि खारींपुढे आयते धान्य वाढले. शत्रू गेले, ताट वाढून ठेवलेले. मग बिळे वाढली तर नवल कसले? पुढे नुकसानीचे आकडे कोटी डॉलरांत मांडले जाऊ लागले. असे आकडे बहुधा खाते चालवणाऱ्यांनीच काढलेले असतात, हे वाचताना लक्षात ठेवावे. पण उगवलेली रोपे खारी मुळापाशी कुरतडतात आणि कालव्याचे बांध पोखरतात, हे खोटे नव्हते.

एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि धान्याचा प्रत्येक दाणा आघाडीवरचा झाला. राज्याचे फलोद्यान आयुक्त जॉर्ज हेकी यांच्या खात्याने 29 एप्रिल ते 4 मे 1918 हा 'खार सप्ताह' जाहीर केला. भित्तिचित्रांवर खारींच्या डोक्यावर जर्मन सैन्याची टोकदार शिरस्त्राणे चढवली गेली. शेतातला उपद्रवी प्राणी एका रात्रीत कैसरचा शिपाई झाला. आवाहन थेट मुलांना होते: खारी मारा, शेपट्या कापून शाळेत आणा. सप्ताहाअखेर मोजलेल्या शेपट्या एक लाखाहून अधिक भरल्या. विषाने बिळातच मेलेल्या खारींची शेपटी कोण मोजणार? म्हणजे खरा आकडा याहून मोठा.

बंदूक, सापळे, बिळात पाणी ओतणे हे सगळे उपाय होतेच, पण खात्याचा भर विषावर होता. आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण विषाची कृती मुलांपर्यंत पोचलेल्या पत्रकातच दिलेली होती. बार्लीच्या दाण्यांवर स्ट्रिक्नीनचा लेप, कडूपणा झाकायला सॅकरीन आणि पाक. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांतला जालीम अंश. कोकणातली आजी ज्या झाडाच्या फळाला हात लावू देत नसे, तेच हे झाड. दाण्याला बाहेरून लेप देण्यामागे निरीक्षण होते. ही खार दाणे लगेच गिळत नाही, गालांतल्या पिशव्यांत भरून बिळाकडे नेते. विष त्या पिशव्यांच्या नाजूक अस्तरातूनच अंगात भिनते, त्यामुळे थोड्या विषात काम होते.

मात्र सप्ताहाची वेळ खुद्द शास्त्राला धरून नव्हती. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. वसंतात डोंगरउतार हिरवे असतात, तेव्हा खार कोवळे गवत खाते आणि कोरड्या दाण्याकडे फारसे पाहत नाही. दाण्याचे विष खरे लागू पडते ते गवत वाळल्यावर. माती ओली असताना बिळात कार्बन बायसल्फाइडची वाफ सोडणे प्रभावी, कारण ओल्या मातीतून वाफ निसटत नाही. खारीची वीण वर्षातून एकदा, पिल्ले वसंतात बिळाबाहेर येतात. तेव्हा विणीआधी मादी मारली तर अख्खे वेत वाचते, हा हिशेब बरोबर. पण एप्रिलअखेर बरीच पिल्ले बाहेर आलेली असत. शाळा चालू आहेत आणि युद्धाचा ज्वर चढलेला आहे, या गोष्टी पंचांगापेक्षा वरचढ ठरल्या असाव्यात, असे मला वाटते.

या द्वेषाला आणखी एक कारण होते, आणि तिथे ही कथा आपल्या उंबरठ्यापाशी येते. 1894 मध्ये हाँगकाँगला पोचलेला प्लेग 1896 मध्ये मुंबईत मांडवीला दिसला. पुढचे आपल्याला पाठ आहे: पुण्यातल्या घरझडत्या, रँडचा खून, हाफकिनची लस. त्याच साथीची दुसरी शाखा मार्च 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरली. चिनी वस्तीभोवती दोर बांधले गेले, आणि व्यापार बुडेल म्हणून गव्हर्नर हेन्री गेज यांनी प्लेग आहे हेच नाकारले. 1906 च्या भूकंपानंतर तो पुन्हा उसळला, तेव्हा रूपर्ट ब्लू यांनी उंदीर मारण्याची मोठी मोहीम चालवली. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधकांनी गिनीपिग ठेवून पिसवांचा दोष सिद्ध केला, तोही याच सुमारास. परंतु शहरात उंदीर हटले तरी रोग हटला नाही. 1908 मध्ये खाडीपलीकडच्या कॉन्ट्रा कोस्टा परगण्यातील रानखारींत प्लेगचे जंतू सापडले. मुंबईपुण्यात प्लेग घरांतून आला आणि ओसरला. तिथे तो रानात शिरला आणि तिथेच राहिला. खारी तपासताना जॉर्ज मकॉय यांना तुलारे परगण्यात प्लेगसारखाच पण वेगळा रोग आढळला. त्याला पुढे 'तुलारेमिया' म्हणू लागले. म्हणून 1918 च्या प्रचारात खार ही पिकाची चोर होती तशीच रोगाची वाहकही होती, आणि हा दुसरा आरोप पोकळ नव्हता. मग या मुलांच्या हातांत रोज ताज्या शेपट्या पडू देणाऱ्यांनी पिसवांचा विचार काय केला असेल?

त्याच वर्षी, त्याच खात्याच्या मासिकात, बर्कलेच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयाचे जोसेफ ग्रिनेल आणि त्यांचे सहकारी जोसेफ डिक्सन यांनी या खारींवर विस्तृत अभ्यास छापला. शेतातल्या खारीला त्यांचे अभय नव्हते. पण पाच वर्षांनी ग्रिनेल यांनी लिहिले की बिळे करणारे हे प्राणी खालची माती वर आणतात, ती भुसभुशीत करतात, पाणी आत मुरू देतात. न नांगरलेल्या जमिनीचे नांगर तेच. त्यांच्या जुन्या बिळांत घुबडे राहतात, बेडूक आणि सॅलमँडर उन्हाळा काढतात. विष मात्र ओळखून मारत नाही. लेप दिलेला दाणा पक्षीही टिपतात आणि मेलेली खार कुणीतरी खातेच. जमिनीवर स्ट्रिक्नीन टाकण्यास अमेरिकेत बंदी आली ती 1988 मध्ये.

खारी काही संपल्या नाहीत. ऑगस्ट 2015 मध्ये योसेमिटी उद्यानातले तळ प्लेगमुळे काही दिवस बंद ठेवावे लागले. आणि आजही वसंतात, गवत उंच होण्याआधी, शेतमालकाची परवानगी घेऊन माणसे कुरणाच्या कडेला बसून बिळाच्या तोंडावर नेम धरतात. शेतकऱ्याला ते हवेच असतात. मारलेल्या खारी बहुधा तिथेच पडून राहतात आणि त्यांवर गिधाडांसारखे मृतभक्षी पक्षी उतरतात. त्यांतलाच एक कॅलिफोर्नियाचा कॉन्डोर. 1987 मध्ये रानातला शेवटचा कॉन्डोर पकडून पिंजऱ्यात आणला, तेव्हा जगात तो पक्षी 27 उरला होता. 1992 पासून त्यांना पुन्हा सोडू लागले, तर मेलेल्या जनावरांत राहिलेल्या शिशाच्या तुकड्यांनी ते मरू लागले. अखेर कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये कायदा केला, आणि 1 जुलै 2019 पासून खारीवर झाडायची गोळीही शिशाची चालत नाही. बंदूकवाल्यांची तक्रार आहे की तांब्याची गोळी महाग पडते.